ओग्डेनचा जॉन ब्राउनिंग आणि बदकांची बंदूक

इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक नावं येतात. सर विश्वेश्वरय्या, एडिसन, फोर्ड, राइट बंधू... दरवर्षी इंजिनिअर्स डेच्या भाषणात हीच यादी वाचली जाते. बंदुका बनवणाऱ्या माणसाचं नाव त्यात कोणी घेत नाही आणि ते साहजिकही आहे. पण मित्रांनो, मेकॅनिझम ही गोष्ट ज्याला शिकायची आहे त्याने एका माणसाच्या वाटेला जायलाच हवं असं मला वाटतं. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. डिग्री नाही, कॉलेज नाही, धड ड्रॉइंगसुद्धा नाही, आणि नावावर १२८ पेटंट्स!

त्याचं युद्धाच्या शस्त्रांचं काम सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्याच्या आयुष्यातला दुसराच धागा जास्त आवडला, तो म्हणजे बदकांच्या शिकारीची बंदूक. आधीच सांगून टाकते, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांच्यानंतर शिकारीचा विषय संपलेला आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी जायकवाडीच्या दिशेने निघू नये! आपल्याला इथे बघायचा आहे तो एक डिझाइन प्रॉब्लेम.

प्रॉब्लेम असा. साल साधारण १८८०. ग्राहक आहे अमेरिकेतला एक साधा शेतकरी. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून बदकं आणि हंस येतात, दलदलीत उतरतात. त्याला घरी खायला चार बदकं हवी आहेत. त्याच बंदुकीने पुढे ससा, रानकोंबडीही मिळाली पाहिजे, कारण दुसरी बंदूक घ्यायला पैसे नाहीत. बंदूक चिखलात पडणार, पाण्यात भिजणार, थंडीत बोटं बधिर असताना चालवावी लागणार. थवा उठला की दोन-तीन सेकंदच हातात असतात, म्हणून पहिला बार चुकला तर दुसरा लगेच हवा. आणि किंमत खिशाला परवडणारी हवी. स्वस्त, दणकट, सगळीकडे चालणारी! आपल्या प्रोजेक्ट गाइडने असं स्पेसिफिकेशन दिलं तर आपण हात जोडू.

उडत्या पक्ष्यासाठी एक गोळी उपयोगाची नाही, छऱ्यांची बंदूक लागते. एका काडतुसात शेकडो छर्रे असतात, ते नळीतून बाहेर पडल्यावर पसरत जातात. नळीचं माप गेज किंवा बोअरमध्ये मोजतात आणि त्याची गंमत अशी की एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअर. साधारण १८.५ मिलिमीटर. वीस बोअर म्हणजे वीस गोळ्या, म्हणून नळी लहान, १५.६ मिलिमीटर. आकडा मोठा तशी नळी बारीक, हे एकदा लक्षात आलं की सोपं आहे. नळीचं टोक थोडं आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. चोक जास्त आवळला तर छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात, सैल असेल तर जवळच पसरतात. बदकासाठी पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे बार टाकण्यात अर्थ नसतो, कारण तिथे छऱ्यांमध्ये इतकी जागा पडते की पक्षी मरत नाही, जखमी होऊन दूर कुठेतरी पडतो.

त्या काळी चांगली बंदूक म्हणजे दुनळी. पण दुनळी चांगली बनवणं महाग होतं. दोन नळ्या शेजारी शेजारी अशा जोडायच्या की दोघींचे छर्रे ठराविक अंतरावर एकाच जागी पडले पाहिजेत, आणि हे काम कारागीर हाताने, घासून-पुसून, बार टाकून बघत करायचा. लंडनच्या नामांकित दुनळ्या उमरावांच्या घरी शोभायच्या. गरिबाच्या हातात एकतर जुनी ठासणीची बंदूक किंवा स्वस्तातली दुनळी, आणि तिचा काही भरवसा नाही.

हा प्रश्न ज्याने सोडवला तो जॉन ब्राउनिंग २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या युटा प्रदेशात ओग्डेन गावी जन्माला आला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे स्वतः बंदूक बनवणारे कारागीर. मॉर्मन पंथ स्वीकारल्यामुळे इलिनॉय सोडून १८५२ मध्ये ते युटात आले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुलं! त्यामुळे घरात पैसा खेळत नव्हता, पण वर्कशॉप होतं. गाव ग्रेट सॉल्ट लेक या मोठ्या खाऱ्या सरोवराच्या जवळ. तिथून उत्तरेला बेअर नदी सरोवराला मिळते आणि तिथे मैलोन् मैल दलदल पसरलेली आहे. स्थलांतराच्या दिवसांत तिथे लाखोंनी बदकं उतरतात. म्हणजे आपल्या हीरोला प्रॉब्लेम आणि वर्कशॉप दोन्ही दारातच मिळालं.

दहा वर्षांचा असताना त्याने वडील दुकानात नसताना भंगारातली एक नळी आणि एक लाकडाची फळी जोडून पहिली बंदूक केली आणि धाकटा भाऊ मॅट याला घेऊन रानकोंबड्या मारायला गेला. शिकार मिळाली, पण वडिलांनी कौतुकापेक्षा कामातला ओबडधोबडपणा जास्त दाखवला, असं त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. मला वाटतं आपल्या वर्कशॉपच्या सरांनी जॉब परत करण्याची परंपरा तेव्हापासूनची असावी!

शाळा फार झाली नाही. पण वडिलांच्या दुकानात दुरुस्तीला येणारी प्रत्येक बंदूक ही त्याची केस स्टडी होती. कुठला भाग झिजतो, कुठली स्प्रिंग तुटते, कुठे माती अडकते हे त्याने हातांनी शिकून घेतलं. १८७८ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, त्याने एकबारी रायफलचं डिझाइन केलं. १८७९ साल त्याच्या आयुष्यात मोठं ठरलं. एप्रिलमध्ये रेचेलशी लग्न, जूनमध्ये वडिलांचा मृत्यू आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पेटंट. मग भावांनी मिळून गावातच छोटा कारखाना टाकला आणि ही रायफल बनवायला सुरुवात केली. जॉनची पद्धत वेगळीच होती. कागदावर नीट ड्रॉइंग तो काढत नसे. कल्पना डोक्यात तयार असायची, फार तर कच्चं स्केच किंवा पत्र्याचं टेम्प्लेट, आणि तिथून थेट लोखंड. आपल्याला ड्रॉइंग हॉलमध्ये ही सवलत मिळणार नाही हे वेगळं सांगायला नको.

यातली एक रायफल फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या हातात पडली. अमेरिकेतली तेव्हाची सगळ्यात नावाजलेली बंदूक कंपनी. तिचे जनरल मॅनेजर टी. जी. बेनेट १८८३ मध्ये रेल्वेने देशाच्या एका टोकाकडून युटापर्यंत आले. बघतात तर काय, गावठी वाटावं असं दुकान आणि आत भावाभावांचा घोळका. जॉनने हक्कांचे दहा हजार डॉलर मागितले, आठ हजारांत सौदा झाला. तीच पुढे विंचेस्टरची मॉडेल १८८५ झाली. तिथून एकोणीस वर्षांचं नातं सुरू झालं. जॉन डिझाइन करायचा, बेनेट एकरकमी पैसे देऊन विकत घ्यायचे. सगळी डिझाइन्स ते बनवत नसत. चाळीसपेक्षा जास्त डिझाइन्स त्यांनी घेतली आणि त्यांतली जेमतेम दहा बाजारात आली. बाकीची का घेतली? दुसऱ्या कंपनीच्या हातात पडू नयेत म्हणून!

आता आपली बदकांची बंदूक. विंचेस्टरला अनेक बार टाकणारी छऱ्यांची बंदूक हवी होती. जॉनचं मत होतं की नळीखाली सरकता लाकडी दांडा ठेवावा, तो मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. यालाच आज पंप म्हणतात. पण विंचेस्टरचं नाव लिव्हर रायफलींवर झालेलं, म्हणून त्यांनी लिव्हरच पाहिजे असा हट्ट धरला. जॉनने लिव्हरची बंदूक करून दिली. मॉडेल १८८७. चालली, पण बोजड होती. निशाणा धरलेला असताना हाताने लिव्हर खाली ओढायची म्हणजे बंदूक हलणारच. इथे मला नेहमी वाटतं की क्लायंट सांगतो म्हणून आपण करतो ते डिझाइन आणि आपल्याला दिसत असतं ते डिझाइन यांतला फरक इतका स्पष्ट क्वचितच बघायला मिळतो.

शेवटी त्याचा पंप आला. मॉडेल १८९३. पण तोपर्यंत काळी दारू जाऊन धूर न होणारी नवी दारू आली होती, तिचा दाब जास्त. जॉनने बंदूक मजबूत केली आणि मॉडेल १८९७ तयार झाली. हीच ती शेतकऱ्याची बंदूक! एकच नळी, म्हणून जोडणीचं महागडं हातकाम नाही. भाग मशीनवर कापलेले, म्हणून एकसारखे. ताकद माणसाच्या हाताची, म्हणून काडतूस हलकं असो की जोरदार, मेकॅनिझमला फरक पडत नाही. साध्या फिनिशची किंमत २५ डॉलर. १९५७ पर्यंत ती बनत होती आणि दहा लाखांहून जास्त बंदुका निघाल्या. स्वस्त आणि दणकट या दोन्ही अटी इथे पूर्ण झाल्या.

पण जॉन थांबणारा नव्हता. असं सांगतात की १८८९ च्या सुमाराला एका नेमबाजीच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की बार उडाला की नळीसमोरचं गवत वाकतं. गवत तर सगळ्यांनीच पाहिलं असेल. पण ही वाया जाणारी एनर्जी आहे, ती बंदुकीलाच कामाला लावता येईल, हे त्याला सुचलं. त्यातून आधी मशीनगन झाली, मग पिस्तुलं, आणि शेवटी त्याने तोच विचार छऱ्यांच्या बंदुकीकडे वळवला. इथे मात्र काम खूप अवघड होतं. रायफलची काडतुसं पितळेची आणि एकसारखी, छऱ्यांची तेव्हा पुठ्ठ्याची. ओल लागली की फुगायची. शिवाय एकात हलका भरणा, दुसऱ्यात जड. हलक्याला चालेल अशी स्प्रिंग लावली तर जड काडतुसाने बंदूक खिळखिळी होणार, जडासाठी लावली तर हलक्याने ती चालणारच नाही.

त्याचं उत्तर मला सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग वाटतं. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत दोन्ही मागे सरकतात. पूर्ण मागे गेल्यावर बोल्ट अडकून राहतो आणि नळी एकटी पुढे जाते, त्यामुळे रिकामं काडतूस उघडं पडतं आणि बाहेर फेकलं जातं. मग नवं काडतूस वर येतं आणि बोल्ट त्याला ढकलत पुढे जाऊन बसतो. आता हलक्या-जडाचा प्रश्न. नळीखाली काडतुसांची जी ट्यूब असते तिच्यावर मोठी स्प्रिंग, तिच्यापुढे ब्राँझचा एक भाग आणि एक स्टीलची तिरप्या कडेची रिंग. जड काडतुसं वापरायची असतील तर रिंग स्प्रिंग आणि ब्राँझच्या मध्ये ठेवायची. धक्का बसला की रिंगची तिरपी कड ब्राँझला आवळते आणि ते ट्यूबवर घासून ब्रेकसारखं काम करतं. हलकी काडतुसं असतील तर रिंग काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला ठेवून द्यायची. ब्रेक कमी, धक्का कमी, बंदूक तरीही चालते. बस्स! एका रिंगची जागा बदलली की ससा ते हंस सगळ्याला एकच बंदूक. आपण ज्याला ऑल-राउंडर म्हणतो ती हीच. मागचा भाग चौकोनी उंचवट्यासारखा असल्यामुळे लोक तिला कुबडी म्हणायचे. नाव पडलं ऑटो-५, कारण ट्यूबमध्ये चार आणि नळीत एक अशी पाच काडतुसं. पेटंट मिळालं ९ ऑक्टोबर १९०० रोजी.

आणि इथेच भांडण झालं. एकरकमी पैसे घेऊन डिझाइन देऊन टाकायचं, मग ते कपाटात पडो की लाखांनी विको, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. या बंदुकीसाठी जॉनने पहिल्यांदा रॉयल्टी मागितली, म्हणजे विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे ठराविक वाटा. बेनेटना ते मान्य नव्हतं. एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, आणि आपोआप चालणारी बंदूक लोक घेतील की नाही ही शंकाही होतीच. १९०२ च्या सुरुवातीला बोलणी मोडली. एकोणीस वर्षांची दोस्ती संपली. जॉन आपली बंदूक उचलून रेमिंग्टन कंपनीकडे गेला. ८ जानेवारी १९०२ रोजी तो ऑफिसात वाट बघत बसला होता आणि त्याच दिवशी कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. आपल्यापैकी कोणी असतं तर नशिबाला दोष देत हॉस्टेलवर येऊन झोपलं असतं.

जॉन मात्र बंदूक घेऊन बोटीत बसला आणि बेल्जियमला गेला. तिथे लिएजजवळ एर्स्ताल गावात एफएन नावाची कंपनी होती, १८८९ मध्ये सुरू झालेली. ती त्याचं पिस्तूल आधीपासून बनवत होती. मार्च १९०२ मध्ये करार झाला, आणि त्यात रॉयल्टी होती. एवढंच नाही, अमेरिकेत विकण्यासाठी दहा हजार बंदुकांची ऑर्डर जॉनने स्वतःच दिली. स्वतःच्या डिझाइनवर स्वतःचे पैसे लावणं, याला हिंमत लागते. पुढे आयात कराचा बोजा आला तेव्हा अमेरिकेत बनवायचा परवाना त्याने रेमिंग्टनला दिला, आणि १९०५ पासून त्यांनीही ती बनवली. नंतर तिलाच रेमिंग्टन मॉडेल ११ म्हणू लागले. युरोप आणि मग जपान मिळून ऑटो-५ चं उत्पादन विसाव्या शतकाच्या अगदी शेवटापर्यंत चाललं, आणि वीस लाखांहून जास्त बंदुका बनल्या.

विंचेस्टरचं काय झालं? इथे नियतीने जो काही विनोद केला आहे त्याला तोड नाही. जॉनच्या ऑटोमॅटिक बंदुकीची पेटंट्स लिहून देण्यात खुद्द विंचेस्टरच्याच लोकांनी मदत केली होती, आणि ती इतकी घट्ट लिहिली गेली की त्यांना स्वतःला पळवाट सापडेना. त्यांचे इंजिनिअर टी. सी. जॉन्सन यांना ती पेटंट्स चुकवून नवी बंदूक काढायला जवळजवळ दहा वर्षं लागली. मॉडेल १९११ मध्ये बोल्टला हँडल देता येईना, कारण ते पेटंटमध्ये होतं. म्हणून नळीच हाताने मागे ढकलायची सोय केली. काडतूस अडकलं की काही लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचं तोंड स्वतःकडे ठेवून ती ढकलायचे. त्यातून अपघात झाले आणि त्या बंदुकीला विधवा करणारी असं नाव पडलं. रॉयल्टी वाचवण्याची ही किंमत होती!

ब्राउनिंगने स्वस्त बंदुकांचं कामही सोडलं नाही. स्टीव्हन्स कंपनीसाठी त्याने केलेली पंप बंदूक मॉडेल ५२० म्हणून आली. रेमिंग्टनने घेतलेलं एक डिझाइन मॉडेल १७ झालं. त्यात काडतूस आत जातं आणि बाहेर पडतं ते खालच्या एकाच दारातून, बाजूला भोकच नाही, म्हणून पाऊस आणि गाळ आत जायला जागा कमी. त्याची पेटंट्स संपल्यावर इथाका कंपनीने १९३७ मध्ये त्यावरून आपली मॉडेल ३७ काढली, आणि दलदलीत बसणाऱ्यांची ती फार लाडकी झाली. डावखुऱ्यांनाही ती सोयीची, कारण रिकामं काडतूस तोंडासमोरून जात नाही.

त्याची दुसरी बाजू लपवून मला लेख लिहायचा नाही. १९११ मध्ये अमेरिकन सैन्याच्या चाचणीत त्याच्या पिस्तुलाने सहा हजार गोळ्या एकदाही न अडखळता झाडल्या. पहिल्या महायुद्धासाठी त्याने मशीनगन आणि ऑटोमॅटिक रायफल दिली. शेतकऱ्याची ती २५ डॉलरची मॉडेल १८९७ सुद्धा खंदकांत गेली आणि १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. २८ जून १९१४ रोजी साराएव्होत ज्या पिस्तुलाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं आणि महायुद्धाची ठिणगी पडली तेही एफएनने बनवलेलं ब्राउनिंगचंच. त्याने सुरुवात केलेलं आणि एफएनच्या दियुदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेलं हाय-पॉवर पिस्तूल पुढे आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलं आणि भारतीय सैन्याने वापरलं. चांगलं मेकॅनिझम कोणाच्या हातात जाईल हे डिझाइनर ठरवू शकत नाही. पण म्हणून तो प्रश्न त्याचा नाहीच असंही म्हणता येत नाही.

बदकांच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर समोर आला. त्या काळी शहरातल्या हॉटेलांसाठी बदकं मारून विकणारे धंदेवाईक शिकारी होते. शेतकऱ्याला चार बदकांसाठी सोयीची असलेली पाचबारी बंदूक त्यांच्या हातात गेली की थवाच्या थवा खाली येई. दलदली शेतीसाठी बुजवल्या जात होत्या ते वेगळंच. १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने ही विक्री बंद झाली. १९३४ पासून बदकाच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा वाचवायला जातो. ओग्डेनजवळची ती बेअर नदीची दलदल १९२८ मध्येच राखीव झाली होती. आणि १९३५ मध्ये नियम आला की स्थलांतरित पाणपक्ष्यांवर वापरायच्या बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत. मग पाचबारीचं काय करायचं? ट्यूबमध्ये एक लाकडी दांडकं टाकायचं, की झालं! जगातल्या इतक्या हुशार यंत्राला आवरलं ते काही पैशांच्या लाकडाच्या तुकड्याने. आणखी एक गोष्ट पुढे कळली. पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाला पूर्ण बंदी आहे, स्टीलसारखे बिनविषारी छर्रे लागतात. स्टील कडक असल्यामुळे बेल्जियममध्ये बनलेल्या जुन्या ऑटो-५ च्या नळ्यांना ते चालत नाहीत, नळी खराब होते. म्हणजे आज तिथे कोणी जुनी बंदूक स्वस्तात घेऊ लागला तर किंमतीच्या आधी नळीला स्टील चालेल का, काडतुसाची लांबी कोणती बसते, लाकडी दांडकं आत आहे का, हे त्याला विचारावंच लागतं. स्वस्त म्हणजे काय याचा अर्थ काळाबरोबर बदलतो तो असा.

जॉनचं शेवटचं डिझाइन मला सगळ्यात विचार करायला लावतं. एकबारीपासून पाचबारीपर्यंत, मशीनगनपर्यंत जाऊन आलेला हा माणूस सत्तरीच्या जवळ आला तेव्हा परत दोन काडतुसांच्या बंदुकीकडे वळला. सुपरपोज्ड नावाची दुनळी, पण नळ्या शेजारी नाहीत, एकावर एक. नेम धरताना एकच नळी दिसते, नजर फाकत नाही. अशा बंदुका तोवर श्रीमंतांच्याच होत्या. त्याला ती कारखान्यात बनवून साध्या शिकाऱ्याच्या आवाक्यात आणायची होती. वयाला न जुमानता तो बेल्जियमच्या फेऱ्या करत होता. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या ऑफिसात, हृदय बंद पडून तो गेला. वय ७१. त्याचा देह सन्मानाने ओग्डेनला आणला गेला. बंदुकीचं राहिलेलं काम व्हॅलने पुरं केलं आणि ती १९३१ मध्ये बाजारात आली, नेमकी महामंदीत!

मित्रांनो, मला या चरित्रातून सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर ते म्हणजे एका डिझाइनची किंमत ठरवण्याची गोष्ट. आपण फायनल इयरला प्रोजेक्ट करतो, मार्क मिळाले की ते कपाटावर धूळ खात पडतं. पुढे नोकरीत आपलं काम कंपनीच्या नावाने जाईल. ब्राउनिंगनेही एकोणीस वर्षं तेच केलं आणि त्याबद्दल तक्रार केली नाही. पण जे काम सगळ्यात चांगलं आहे असं त्याला स्वतःला माहीत होतं, त्यासाठी तो अडून बसला. नुसता अडून बसला नाही, तर बोटीत बसून समुद्रापार गेला आणि स्वतःची ऑर्डर घेऊन उभा राहिला. आपल्या कामाची लायकी आधी आपल्याला कळली पाहिजे, मग दुसऱ्याला सांगता येते.

आणि दुसरं ते लाकडी दांडकं. ते ब्राउनिंगने केलेलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर समाजाने केलं. यंत्र किती वेगाने चालू शकतं हे इंजिनिअरने दाखवलं, किती वेगाने चालावं हे लोकांनी ठरवलं. बेअर नदीवर आजही हिवाळ्याच्या तोंडावर थवे उतरतात. त्यात ब्राउनिंगच्या रिंगचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. पण त्या दांडक्याचा वाटा नक्की आहे.